प्रभाचा एकटीचा फोटो

“मालूताई, तुम्ही जरा बाजूला होता का? फोटोत येता आहात.”

हेमानं कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. समोर, पचमढीच्या वाटेवरल्या तामियाच्या रेस्ट हाउसच्या कठड्याला टेकून प्रभा उभी होती आणि तिच्या मागे सातपुड्याच्या निळ्या रांगा एकीमागे एक उतरत गेल्या होत्या. मी प्रभाच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मला वाटलं होतं, फोटो आम्हा दोघींचाच आहे.

मी बाजूला झाले. नुसती बाजूला नाही, पार गाडीपर्यंत गेले. आमचा ड्रायव्हर भगत बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून संत्रं सोलत होता. त्यानं दोन फोडी माझ्यापुढे केल्या.

“तुम्ही नाही काढत फोटो, काकू?”

“मला नाही हौस,” मी म्हणाले.

तिकडे हेमाचं चाललं होतं. हनुवटी जरा वर. नाही, इतकी नाही. दरीकडे बघा. आता माझ्याकडे. आणि प्रभा, जी शाळेत मुलींना एका नजरेत गप्प करायची, ती प्रभा पोरीसारखी तिचं सगळं ऐकत होती.

प्रभा आणि मी वरूडच्या. घरं एकाच गल्लीत, शाळेत बाकही एकच. लग्नं झाली तीही दोघींची नागपुरातच, त्यामुळे आमचं कधी तुटलंच नाही. तिला मूलबाळ झालं नाही. ती शिक्षिका झाली, मी घर सांभाळलं, दोन मुलं वाढवली. मग एका सकाळी सुधाकरराव, म्हणजे तिचे यजमान, दाढी करता करता आरशासमोरच कोसळले. तिनं पहिला फोन मला केला. डॉक्टरला नाही, मला.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जात असे. आमच्या घरून तिच्या घरापर्यंत पायीच जायचं. दिवेलागणीला तिनं एकटं असू नये, एवढाच माझा हट्ट होता. मी गेले की आम्ही चहा घ्यायचो, सुधाकररावांच्या तसबिरीचा हार बदलायचा असला तर मी बदलायची, मग थोडं त्यांच्याविषयी बोलायचो. त्यांना दोडक्याची भाजी कशी चालायची नाही, ते क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना कसे उठून उभे राहायचे. लोक मला विचारायचे, प्रभाचं कसं काय? मी सांगायची, अजून सावरली नाही हो. माझे यजमान कधी कधी म्हणायचे, “रोज जातेस, एखादा दिवस राहू दे ना.” मी म्हणायची, “तिला माझ्याशिवाय कोण आहे?”

आणि मग ही हेमा बेलसरे आली. प्रभाच्या शाळेत चित्रकलेची बाई म्हणून वर्ध्याहून बदलून आलेली. आमच्याहून बरीच लहान, बिनलग्नाची, लुनावर फिरणारी. भाऊ मस्कतला होता, त्यानं दिलेला मोठा कॅमेरा तिच्या गळ्यात. आधी ती रविवारी दिसू लागली. मग मी संध्याकाळी जावं तर ही आधीच बसलेली असायची, आणि स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. मी आत पाऊल टाकलं की हसणं थांबायचं. तेच मला सगळ्यात लागायचं. मी काही शाळेची इन्स्पेक्टर नव्हते.

मी प्रभाला कितीदा म्हटलं होतं, चल, आपण दोघी कुठे तरी जाऊन येऊ. माहूरला जाऊ, नाही तर चिखलदऱ्याला जाऊ. दर वेळी तिचं उत्तर एकच, “मन होत नाही गं.” आणि हेमा एक दिवस चहा पिता पिता सहज म्हणाली, “नाताळच्या सुटीत पचमढीला जायचं का?” प्रभा म्हणाली, “जाऊ या की.” मी तिथेच बसले होते. तिनं माझ्याकडे वळून म्हटलं, “मालू, तूही चल.”

तूही.

गेले मी. घरी बसून काय केलं असतं? दोघी तिकडे काय बोलत असतील, याचाच विचार केला असता.

पचमढीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. आम्ही सरकारी हॉलिडे होमच्या एका मोठ्या खोलीत तिघी उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभा आंघोळ करून बाहेर आली आणि मी बघतच राहिले. तिनं मोरपंखी रंगाची रेशमी साडी नेसली होती. सुधाकरराव गेल्यापासून ती करडं, बदामी, फार तर फिकं आकाशी नेसायची. कपाळावर लहानशी टिकली होती, गव्हाच्या दाण्याएवढी.

“ही कधी घेतलीस?” मी विचारलं.

“मागच्या महिन्यात. बर्डीच्या बाजारातून.”

“कोणाबरोबर गेली होतीस?”

“हेमा होती ना.” ती बॅगेत काही तरी शोधू लागली. “बरी दिसते का गं?”

लग्नाआधीपासून प्रभाची एकही साडी माझ्याशिवाय घेतलेली नव्हती. तिच्या बस्त्यालासुद्धा मी होते. दुकानदारानं साडी अंगावर टाकून दाखवायची ती माझ्या, कारण तिचा रंग आणि माझा रंग सारखा. मला म्हणायचं होतं, छान दिसते आहेस. खरंच छान दिसत होती. पण तोंडातून निघालं, “फिरायला एवढी भारी साडी? चढउतार आहेत इथे.”

“मी सांभाळीन,” ती म्हणाली.

जटाशंकरला खाली गुहेत उतरताना तिनं निऱ्या उचलून धरल्या होत्या आणि हेमानं तिचा हात. मी मागून येत होते, पायऱ्या ओल्या होत्या, आणि माझा हात धरायला कोणी नव्हतं. दर्शन घेऊन वर आलो तर पुन्हा तेच. या दगडापाशी एक फोटो, त्या झाडाखाली एक. मोठमोठ्या साल वृक्षांमधून ऊन झिरपून खाली येत होतं. हेमा जमिनीवर गुडघे टेकून, साडीची पर्वा न करता, कॅमेरा फिरवत होती. पांडव गुंफांच्या बागेत मी शेवटी म्हटलं, “आमचा दोघींचा एक काढा ना. शाळेतल्या ग्रुप फोटोनंतर आमचा एकत्र असा एकही नाही.”

“काढू ना, मालूताई. रोल संपत आला आहे, तेवढे हे होऊ देत. मग तुमचा काढते.”

हे, म्हणजे कोणते? मी मोजत नव्हते, पण प्रत्येक फोटोत प्रभा एकटी होती. कोणी वाटेवरचे लोक मागे आले तरी हेमा थांबायची, ते जाईपर्यंत. एकदा तर तिनं माझी पर्स बाकावरून उचलून लांब ठेवली, कारण ती फोटोत येत होती.

“शाळेत प्रदर्शन लावायचं आहे का प्रभाचं?” मी विचारलं.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

दुपारी आम्ही बसस्टँडजवळच्या एका खानावळीत जेवायला बसलो. गरम पोळ्या, वांग्याची भाजी, वरण. मला भूक नव्हती, तरी मी खात होते. हेमा प्रभाला म्हणाली, “संध्याकाळी धूपगडला केस इतके घट्ट नका बांधू, ताई. सैलसा अंबाडा घाला. चेहरा मोकळा दिसतो.”

“सुधाकररावांना तिचे घट्ट बांधलेलेच केस आवडायचे,” मी म्हणाले.

प्रभानं हातातला घास ताटात ठेवला.

हेमा पाणी प्यायली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “मालूताई, एक विचारू? तुम्ही सकाळपासून त्यांचं नाव कितीदा घेतलं?”

“का? घेऊ नये?”

“घ्या ना. पण प्रभाताई एकदाही घेत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का?”

“हेमा, राहू दे,” प्रभा म्हणाली.

“तुम्हाला काय माहीत तिचं?” माझा आवाज चढला तसे शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. “तुम्ही आत्ता आलात. ते गेले तेव्हा तेरा दिवस मी तिच्या उशाशी बसले होते. तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“मी नव्हते,” हेमा म्हणाली. “म्हणूनच कदाचित.”

या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही, आणि तो विचारण्याइतकी मी खाली उतरायला तयार नव्हते. खोलीवर आल्यावर मी जाहीर केलं, की माझं डोकं दुखतं आहे, तुम्ही दोघी धूपगडला जाऊन या. मी चादर डोक्यावरून घेतली. हेमा बाहेर गेली. प्रभा माझ्या पायापाशी येऊन बसली.

“डोकं नाही दुखत तुझं.”

मी कूस बदलली.

“मालू, ऊठ ना बाप्पा. तू नाही आलीस तर मीही जाणार नाही.”

“तुला माझी काय गरज आहे? ती आहे ना.”

“ऊठ,” ती म्हणाली. “मला तुला काही सांगायचं आहे. इथे नको, वर गेल्यावर सांगते.”

धूपगडचा रस्ता उभ्या चढाचा, म्हणून तिथलीच जीप केली. वर पुष्कळ गर्दी होती. गुजराथी कुटुंबं, बंगाली आजोबा मफलर गुंडाळून, भाजलेल्या शेंगांच्या पुड्या विकणारे. सूर्य अजून हातभर वर होता. हेमा कॅमेऱ्यासाठी चांगली जागा बघायला पुढे गेली, की मुद्दामच आम्हाला सोडून गेली, कोण जाणे. आम्ही तिथल्या जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगाला एका सपाट खडकावर बसलो. तिथे कोणी नव्हतं.

प्रभानं पदर गुडघ्यावर ओढून घेतला आणि म्हणाली, “जबलपूरला एक गृहस्थ आहेत. मोघे म्हणून. बँकेत असतात. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगी आहे, ती पुण्याला शिकते. हेमाचे आतेभाऊ ते.”

मी ऐकत होते. शब्द कळत होते, पण ते कुठे चालले आहेत हे मनात शिरायला वेळ लागला.

“दोनदा नागपूरला येऊन गेले. भले वाटतात. त्यांच्या मुलीनं माझा फोटो मागितला आहे. आणि घरात शोधायला गेले, तर माझा एकटीचा फोटोच नाही. सगळ्यांत हे आहेत. एक शाळेच्या ओळखपत्रावरचा आहे, त्यात मी चोर दिसते. म्हणून हेमा म्हणाली, बाहेर कुठे तरी जाऊ, मोकळ्या हवेत काढू.”

खालच्या दरीतून गार वारा वर येत होता. मी विचारलं ते हे, “हेमाला कधीपासून माहीत आहे?”

मोघे कसे आहेत, त्यांचं वय काय, प्रभाला ते आवडतात का, यातलं काहीही नाही. पहिला प्रश्न माझ्या तोंडून तोच आला.

“दिवाळीपासून,” प्रभा म्हणाली.

“आणि मी रोज येत होते. रोज, प्रभे. दिवाळीच्या फराळाला तुझ्याकडे मी होते.”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

तिनं पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाली, “तू येतेस ना, तेव्हा दारातूनच तुझा चेहरा असा असतो, की मी आजारी आहे. मग मला आजारी व्हावं लागतं. तू तसबिरीचा हार बदलतेस, मी बघत बसते. तू त्यांच्या गोष्टी काढतेस, मला रडू आलं नाही तर तुला वाईट वाटेल, असं वाटतं. मी कधीच सावरले होते गं. पण तू इतक्या जिवापाड सांभाळत होतीस, की मी बरी आहे हे तुला सांगायची लाज वाटायला लागली.”

“मग मी यायलाच नको होतं.”

“असं नाही म्हणत मी.” तिचा आवाज फाटला. “तू नसतीस तर पहिलं वर्ष मी काढलंच नसतं. ते मला माहीत आहे. पण मालू, तुझ्याजवळ आले की मी त्यांची बायकोच असते. हेमानं त्यांना पाहिलेलंच नाही. तिच्याजवळ मी नुसती प्रभा असते.”

मला खूप काही बोलायचं होतं. तुला वरूडच्या नदीत पडताना ज्या मुलीनं वेणी धरून ओढलं, तिच्याजवळ तू नुसती प्रभा नव्हतीस का? पण ती रडत होती आणि मीही. आणि रडता रडता माझ्या मनात जे चाललं होतं ते मोघ्यांबद्दल नव्हतंच. दिवाळीपासून आतापर्यंतच्या सगळ्या संध्याकाळी मला आठवत होत्या. मी चहा पीत होते आणि तिला माहीत होतं, हेमाला माहीत होतं. मी तेवढी एकटीच तसबिरीवरची धूळ पुसत होते.

“ताई,” हेमा वळणावरून आली. “सूर्य चालला. चला लवकर. दोनतीनच फोटो उरले आहेत.” मग तिनं आमचे चेहरे पाहिले आणि कॅमेरा खाली केला.

प्रभानं डोळे पुसले, टिकली चाचपली आणि उठली. कड्याच्या जवळ गर्दीपासून थोडं बाजूला एक मोकळी जागा होती. हेमानं तिला तिथे उभं केलं. उतरत्या उन्हात ती मोरपंखी साडी अशी काही उजळली, की शेंगा खाणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. पण चेहरा दगडासारखा. डोळे सुजलेले, ओठ आवळलेले.

“हसा ना, ताई.”

प्रभानं ओठ ताणले.

“असं नाही. मनातून. काही तरी छान आठवा बघू.”

प्रभानं पुन्हा प्रयत्न केला. ते हसू पाहवत नव्हतं. हेमानं एक फोटो वाया घालवला. सूर्य लाल होऊन धुक्याच्या पट्ट्यात शिरायला लागला होता.

“गालांनी नाही, डोळ्यांनी हसा. हे बघा, असं.” आणि हेमानं स्वतः हसून दाखवलं.

ते माझ्याच्यानं बघवेना. सगळं मी सहन केलं होतं, साडी, हात धरणं, दिवाळीपासूनचं गुपितसुद्धा. पण प्रभाला हसायचं कसं, हे ही बाई शिकवणार? ज्या मुलीला वर्गातून हसण्यासाठी बाहेर काढलं जायचं आणि तिच्याबरोबर मला, तिला?

“आण इकडे,” मी म्हणाले.

हेमाला मी आजवर ‘तुम्ही’च म्हणत आले होते. ती दचकली.

“तुम्हाला येतं, मालूताई?”

“कुठे दाबायचं ते सांग.”

तिनं पट्टा माझ्या गळ्यात घातला, बटण दाखवलं, एका डोळ्यानं कुठून बघायचं ते सांगितलं. माझी पंचाईत तिथेच झाली. मला एक डोळा मिटताच येत नाही. लहानपणापासून नाही. एक मिटायला गेले की दोन्ही मिटतात. मी कॅमेरा वर केला, डावा डोळा मिटला, सगळीकडे अंधार. उघडला, तर दोन-दोन प्रभा. हातानं डोळा झाकावा तर कॅमेरा एका हातात पेलेना. सूर्य थांबणार नव्हता. मी रागानं चष्मा नाकावर घट्ट बसवला, पदराचं टोक घडी करून डाव्या काचेमागे कोंबलं, आणि कॅमेरा उचलून तिच्यासमोर उभी राहिले.

“आता बघ इकडे,” मी खेकसले. “आणि त्या मोघ्यांसाठी हसू नकोस. मुळीच हसू नकोस. सरळ उभी राहा.”

प्रभा माझ्याकडे बघत राहिली. चष्म्यातून लोंबणारा माझा पदर वाऱ्यानं फडफडत होता. तिचे ओठ थरथरले. मला वाटलं, पुन्हा रडते आहे. पण नाही.

“मालू,” ती म्हणाली, “अगं, तू काय करून राहिली आहेस?”

“गप उभी राहा म्हटलं ना.”

आणि ती फुटली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवायचा प्रयत्न करत, मग हात सोडून, मान मागे टाकून. वरूडच्या शाळेत जशी हसायची तशी. पोट धरून, डोळ्यांत पाणी. मला कॅमेऱ्याच्या त्या चौकोनात ती दिसत होती, एकटी, मागे तांबूस आभाळ. इतकी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती. तिनं हसू आवरत डोळे पुसले, आणि ते आवरता आवरता माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

मला सगळं कळत होतं. हा फोटो चांगला आला, तर ती जाणार होती. बोट तरीही थांबलं नाही.

हेमा हळूच म्हणाली, “आता एक उरला असेल. तुमचा दोघींचा काढते.”

“नको,” मी पदर काचेतून ओढून काढत म्हणाले. “उजेड गेला.”

नागपूरला परतल्यावर आठवडाभरानं प्रभा फोटोंचं पाकीट घेऊन माझ्याकडे आली. इतक्या दिवसांत प्रथमच तीच माझ्याकडे आली होती, मी गेले नव्हते. फोटो तिनं माझ्या पलंगावर पसरले. तामिया, जटाशंकर, सालाची झाडं. सगळ्यांत प्रभा नीट उभी होती आणि एकातही ती नव्हती. शेवटी तिनं एक फोटो वेगळा काढून माझ्या हातात दिला.

“हा पाठवते,” ती म्हणाली.

फोटो जरा तिरपा आला होता. एका कोपऱ्यात कोणाच्या तरी छत्रीचं टोकही आलं होतं. पण त्यात प्रभा होती.

“पाठव,” मी म्हणाले.

एप्रिलमध्ये त्यांचं लग्न झालं. रजिस्टर, साधंच. साक्षीदार म्हणून हेमानं सही केली आणि मी केली. प्रभानं जबलपूरला बदली मिळण्यासारखी नव्हती म्हणून नोकरी सोडली. ती गेल्यावर पहिले काही महिने संध्याकाळ झाली की मी चपला घालायची आणि मग फाटकाशी उभी राहायची. माझे यजमान म्हणायचे, “चल, बागेत जाऊ.” आम्ही बागेत जायचो. ते बोलायचे, मी ऐकायची. फोनवर प्रभा आनंदात असायची. ती आनंदात आहे हे ऐकून मला बरं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर मी विनाकारण मोलकरणीवर चिडायची.

जबलपूरला मी गेले ती चार-पाच वर्षांनी. यजमानांच्या एका नातेवाइकांकडे लग्न होतं, त्या निमित्तानं. प्रभाचं घर नर्मदेपासून फार लांब नाही. पुढे गुलबक्षीची झाडं, ओसरीवर वेताच्या खुर्च्या. मोघे उंच, सावकाश बोलणारे, थोडं कमी ऐकू येणारे. मी त्यांना नावं ठेवायला गेले होते, खरं तर. काही सापडलं नाही.

बैठकीत शिरताच समोरच्या भिंतीवर तो फोटो होता. मोठा करून, लाकडी चौकटीत.

“हा बघितलात ना?” मोघे उठून त्याच्यापाशी गेले. “माझ्या मुलीनं पाकीट उघडलं आणि म्हणाली, बाबा, या बाई घरात आल्या तर घरात हसू येईल. मी तर कितीदा बघतो. बघा ना, कशी अगदी माझ्याकडे बघून हसते आहे.”

मी त्या फोटोकडे बघितलं. प्रभाचे ओले डोळे सरळ माझ्यावर होते.

“हेमानं काढला,” मोघे पुढे म्हणाले. “तिचा हात चांगला आहे.”

मी वळून आतल्या दाराकडे पाहिलं. प्रभा कढई उतरवत होती. तिनं ऐकलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. ती पोह्यांवर कोथिंबीर पेरत राहिली.

“त्यांना सांगितलं नाहीस?” मी हळू आवाजात विचारलं. इतक्या वर्षांनीसुद्धा मला तेच लागलं. मी काढलेला एकुलता एक फोटो, तोही हेमाच्या नावावर.

“नाही,” प्रभा म्हणाली.

“का?”

“त्यांना वाटतं मी त्यांच्याकडे बघून हसते आहे.” तिनं एका बशीत पोहे काढले, वर खोबरं घातलं. “वाटू दे. चांगले आहेत बिचारे. मी कोणाकडे बघत होते ते आपल्याला माहीत आहे ना.”

तिनं बशी माझ्या हातात दिली आणि दुसरी भरायला घेतली.

मी बाहेर आले. मोघे अजून फोटोसमोरच उभे होते, हात मागे बांधून. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि बशी त्यांच्यापुढे धरली.

“हो,” मी म्हणाले, “हेमाचा हात खरंच चांगला आहे.”

हेमाबद्दल इतका चांगला शब्द मी तोवर कधी बोलले नव्हते. मोघ्यांना नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून मी तो पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, बोलले.